भुरीचा खुंटा

१

सोनगीरच्या किल्ल्याखालून आग्रारोड सोडला, की निंबांच्या रांगेपलीकडे एक मळा होता. त्याचं खरं नाव काय ते शेठलाच ठाऊक. लोक त्याला म्हाताऱ्या घोड्यांचा मळा म्हणायचे. इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. धुळ्यात ज्याची कापसातली सरकी काढायची जिन होती, त्या शेठला मुंबई-पुण्याच्या शर्यतींचा नाद. घोडा पळायचा थांबला की बाकीचे मालक त्याला गोळी घालत, नाहीतर टांग्याला विकत. या शेठच्या आईने मरताना त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की ज्यांच्या पाठीवर मोठा झालास त्यांच्या तोंडचा घास काढू नकोस. म्हणून त्याचे थकलेले घोडे आगगाडीने धुळ्याला यायचे आणि तिथून पायी पायी या मळ्यात.

मळ्यावर घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार चिंधा होता आणि त्याची बायको मंजुळा. मिसरूड फुटायच्या आत चिंधा पुण्याला पागेत गेला होता, जॉकी व्हायचं म्हणून. तेव्हा काडीसारखा होता. पण हाड खानदेशी. भाकर लागली तसं पसरलं. शर्यतीच्या तराजूला हवं तेवढं हलकं त्याला राहता आलं नाही. मग पाठीवर बसायचं ते राहिलंच, तो घोड्याच्या बाजूने चालायला लागला. भुरी नावाची राखी रंगाची घोडी होती, ती शिंगरू असल्यापासून त्याच्या हातची. शर्यतीच्या दिवशी तिचा लगाम धरून तो कठड्यापर्यंत जायचा, तिथे दुसराच कोणी तिच्यावर चढायचा, आणि चिंधा मोकळे हात घेऊन बघत उभा.

तेवढी वर्षं मंजुळा सासरी शेण काढत होती. एक लेक झाली, ती एदलाबादला दिली, तरी नवरा सणासुदीचाच. भुरी म्हातारी झाली, शेठने तिला मळ्यात धाडली, तेव्हा कुठे तिच्यामागोमाग चिंधा घरी आला. मंजुळा हे विसरली नव्हती. भिजवलेला हरभरा घालताना ती घोडीला म्हणायची, घे बाई, तू आणलास म्हणून आला. आणि मनात म्हणायची, तू नेशील तेव्हा जाईल.

दिवस ठरलेला असायचा. सकाळी लीद काढायची, खरारा करायचा, घोडे कुंपणाच्या रानात सोडायचे. दुपारी हौदावर पाणी. दिवस कलला की सप्पराखाली, म्हणजे गवती छपराखाली, बाभळीच्या खुंट्यांची ओळ होती तिथे एकेकाला आपापल्या खुंट्याला बांधायचं. मधल्या वेळात चिंधा अंगणातल्या बाजेवर आडवा व्हायचा. तो बसला की सुतळी अशी करकरायची की निंबावरचे होले उडत, आणि बाज वाकून भुईला टेके. मंजुळा आतून म्हणायची, "जरा हळू, बाज रडी राहिनी." घोड्यांना मात्र तो आवाज गोड लागे. बाज करकरली की धनी जागेवर आहे हे त्यांना कळायचं; रानातून माना वर करून ते फुरफुरायचे.

होळी झाली, उन्हं तापली, आणि एका सकाळी भुरी उठलीच नाही.

निंबाखाली खड्डा करून तिला पुरली. मंजुळा रडली, तिला थोडं सुटल्यासारखंही वाटलं, ते कोणाला सांगायचं नसतं. आता राहिला खुंटा. दावणीला जनावर मेलं की त्याच दिवशी त्याचा खुंटा उपटायचा, भोकात मूठभर मीठ टाकून ते बुजवायचं आणि दावं शिवेबाहेर फेकायचं, ही तिच्या माहेरची रीत, सासरचीही. खुंटा तसाच ठेवणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

संध्याकाळी ती म्हणाली, "तो खुटा उपटी टाका ना आते."

"ऱ्हाऊ दे व," चिंधा म्हणाला. "तो काय खावाले मांगस तुले?"

उद्या शेठ दुसरा घोडा पाठवेल, मग पुन्हा कोण ठोकत बसेल, असंही म्हणाला. बोलणं पटण्यासारखं होतं. फक्त बोलताना त्याचा हात त्या दाव्यावर होता, आणि दाव्याची गाठ तो नीट करत होता.

२

मंजुळा सप्पर झाडायची ती खराट्याने, ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. भुईवर खराट्याच्या रेघा उमटल्या की तिला बरं वाटायचं. एका दुपारी घोडे रानात असताना ती पाण्याची घागर ठेवायला सप्परात गेली. सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. भुरीच्या खुंट्याभोवती नव्हत्या. तिथे गोल तुडवलं होतं, नवा घोडा आला की करतो तसं. शर्यतीचं जनावर पहिले काही महिने उभं राहतच नाही, दाव्याला फिरत राहतं. पळायची सवय पायांतून जायला वेळ लागतो.

तिने मनाशी म्हटलं, एखादा घोडा सावलीला आला असेल. कुंपणाच्या दाराचा झापा बघितला, तर बंद होता. मग म्हटलं, असेल आपणच झाडायचं राहिलं.

चार दिवसांनी खाजाचाचा आला. हा सोनगीरचा नालबंद. मळ्यात आलेल्या घोड्याची नाल पहिल्या दिवशी काढून टाकायची, पुढे नुसते खूर तासायचे, हे काम त्याचं. म्हातारा थट्टेखोर होता. मळ्यात एकाही पायात नाल नाही, तरी शेठ मला बोलावतो, म्हणजे मी या घोड्यांचा न्हावीच, असं म्हणायचा.

त्या दिवशी सप्परात शिरला आणि भुरीच्या जागेपाशी वाकला.

"दुसरा नालबंद धरा का रे चिंधा? माले सांगानं तरी व्हतं."

चिंधा हसला. खाजाचाचाने बोट मातीत फिरवलं. मंजुळाही वाकली. खुराच्या ठशाला कड होती, पातळ, पत्र्यासारखी, आणि खिळ्यांच्या खुणाही होत्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी ठोकतात ती नाल, खाजाचाचा म्हणाला. शर्यत झाली की काढतात, तिच्यावर कोणी घोडा उभा करून ठेवत नाही. आपण आयुष्यात तसली नाल एकदाच हातात धरली होती, पुण्याच्या एका कारागिराने दाखवली म्हणून.

मग त्याने रानात जाऊन एकेका घोड्याचा पाय उचलून पाहिला. मंजुळा दाव्यांचा जुडगा घेऊन मागे मागे. सगळे पाय उघडे, जसे त्यानेच तासून ठेवलेले. परत आला तो हत्यारं पिशवीत भरतच. चहाचं आधण ठेवलं होतं, त्याला नको म्हणाला. उन्हाचं कारण सांगितलं. खाजाचाचाने कधी उन्हासाठी चहा सोडला नव्हता.

३

एकदा डोळ्याला सवय लागली की मग दिसायलाच लागतं. घोडे हौदावर जाताना एकामागे एक जायचे. आता ओळीत मध्ये एक जागा सुटायची, एका घोड्याएवढी. काजळ्या नावाचा हावरट घोडा होता, पुढच्याच्या शेपटीला तोंड लावून चालायचा. तोही मागे रेंगाळे. एकदा मंजुळाने मुद्दाम त्याला हाकून पुढे काढलं. तो त्या सुटल्या जागेत दोन पावलं गेला, कान मागे पाडले, आणि बाजूला झाला, वाट सोडून, काट्यांतून.

चिंधा त्या जागेच्या बाजूने चालायचा. उजवा हात कोपरात वर आणि मूठ अर्धी मिटलेली. वर्षानुवर्षं लगाम धरलेला हात, असाच राहत असेल, मंजुळाने स्वतःला समजावलं. टांगेवाल्याचा हातही बाजारात वाकडाच दिसतो.

चिंधाला मात्र काही झालं नव्हतं. उलट बरा दिसत होता. भाकर पूर्वीइतकीच खायचा, वर ठेचा मागायचा. पुण्याच्या गोष्टी सांगायचा, ज्या आजवर कधी सांगितल्या नव्हत्या: भुरी सुटली की वारा कानात कसा ओरडतो, पाठ खाली कशी पाण्यासारखी वाहते. सांगता सांगता मांड्या आवळायचा. हे तुम्हाला कोणी सांगितलं, मंजुळा विचारणार होती. तो तर बाजूने चालणारा. तिने भाकर वाढली.

एका दुपारी ती उंबऱ्यात बाजरी निवडत बसली होती. चिंधा विहिरीकडून आला, चिलीम विझवली, बाजेवर आडवा झाला. मंजुळाचे हात बाजरीत फिरत होते. थोड्या वेळाने थांबले. का थांबले ते तिला आधी कळलंच नाही.

बाज करकरली नव्हती.

तिने मान वर केली. चिंधा डोळे मिटून पडला होता, पालथा, गुडघे पोटाशी घेऊन. त्याच्या खाली सुतळी सरळ होती. बाज भुईपासून जितकी उंच विणली होती, तितकीच उंच. नवी विणून कोणी उन्हात ठेवावी आणि वर एखादं फडकं वाळत घालावं, तशी.

रानात एकाही घोड्याने मान वर केली नाही. त्यांना कळलंच नव्हतं तो आलेला.

४

बाज नव्याने आवळली असेल. मंजुळाने पायथ्याची गाठ पाहिली. जुनीच, मातीने भरलेली. तिने स्वतः बसून पाहिलं. सुतळी करकरली, खाली गेली. मंजुळा चिंधाच्या निम्मीही नव्हती.

मग तिने तोंड बंद ठेवलं आणि नजर उघडी. मळ्याच्या वाटेवर उन्हाळ्यात पिठासारखा फुफाटा असतो. चिमणी उतरली तरी उमटते. कोंड्याचं पोतं खांद्यावर घेऊन चिंधा पुढे गेला, ती रिकाम्या हाताने मागे. वळून पाहिलं, तर तिची पावलं घोट्यापर्यंत रुतलेली. त्याची होती, नाही असं नाही. पण बोटं तेवढी टेकलेली, तीही लांब लांब.

"तुमले काय व्हयनं शे?" तिने विचारलं.

तो पोतं घेऊन वळला. चेहऱ्यावर असं सुख होतं, जे तिने त्याच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

"काही नही व. आते आंग हलकं लागस."

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून ती सोनगीरला खाजाचाचाकडे गेली. भट्टीपुढे बसून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने भाता थांबवला. वैद्याकडे ने म्हणाला नाही, मौलवीकडे ने म्हणाला नाही, आणि हसलाही नाही, याचीच तिला भीती वाटली.

"रिकामा खुटा ठेवाना नही, बेटी," तो म्हणाला. "रिकामी जागा कोन्ही बी भरस."

"काढू का मग?"

त्याने चिमट्याने एक निखारा उलटला. काढायचा तो पहिल्याच दिवशी काढायचा होता, म्हणाला. आता तिथे काय बांधलेलं आहे ते मला सांगता येणार नाही. काढ म्हणवत नाही, ठेव म्हणवत नाही.

वाटेने येताना मंजुळाने ठरवलं. म्हाताऱ्याला काय, त्याच्या घरचा माणूस थोडाच हलका होत होता. खुंटा उपटायचा, रीत पुरी करायची. उशीर झाला म्हणून रीत काही चुकत नाही. फक्त चिंधा समोर असताना तो उपटू देणार नाही. तो दूर असेल तेव्हाच काम उरकायचं.

५

हरभरा संपला होता. झुलाल गाडीवान पहाटेच बैलगाडी घेऊन आला आणि चिंधा त्याच्याबरोबर धुळ्याला निघाला. गाडीत चढला तेव्हा साटी दबली नाही, झुलालने मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी निंबांपलीकडे दिसेनाशी झाली. मंजुळाने घोडे रानात सोडले, भांडी घासली, अंगण शेणाने सारवलं. धुळ्याची वाट उरकली असेल एवढा वेळ जाऊ दिला. मग पदरात मीठ बांधून सप्परात गेली.

दावं खुंट्याला बांधलेलं होतं. भुईवर पडलेलं, ढिलं. तिने नमस्कार केला. म्हणाली, बाई, तू आणलास, तुझे उपकार. आता तू मोकळी हो आणि आम्हाला मोकळं कर.

खुंटा हलवायला पहार आणली होती. पहार लागलीच नाही. दोन्ही हातांनी धरून तिने जेमतेम हलवला, आणि तो वर आला, जणू पलीकडून कोणी ओढत होतं. ती मागे पडली. दावं तिच्या तळहातातून सर्रकन गेलं, कातडी सोलली. खुंटा तिच्यापुढे भुईवर आपटत, उड्या घेत सप्पराबाहेर गेला, आणि मग तो दिसला नाही.

ती धावत कुंपणाशी आली. डोक्यावर दुपार होती, सावली कुठेच नव्हती. रानात घोडे पळत होते. गुडघे सुजलेला टिळ्या, एक डोळा गेलेला बदाम, श्वास लागणारा काजळ्या. ज्यांना हौदापर्यंत हाकत न्यावं लागे ती जनावरं कुंपणाला धरून गोल पळत होती, माना ताणून, अंगाला अंग लावून. फुफाटा उठला, निंबाएवढा. टापांचा आवाज उघड्या खुरांचा, बोथट. त्यात एक आवाज खणखणीत.

घोळका तिच्यासमोरून वळला. मध्ये जागा सुटलेली होती, एका घोड्याची. आणि त्या जागेच्या वर, घोड्याची पाठ असते त्या उंचीवर, धुळीत चिंधाची पाठ दिसली. वाकलेली. गुडघे वर, कोपरं आत, फेट्याचा शेव मागे ताठ उडत होता. त्याच्याखाली धूळ वाहत होती, दुसरं काही नव्हतं.

तिने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली. त्याने मान वळवल्यासारखं वाटलं. घोळका पुढे गेला, कोपऱ्यापाशी सगळे घोडे एकदम थांबले, एकमेकांवर आदळले. धूळ थांबली नाही. ती कुंपणावरून गेली, काटेही न हलवता, आणि आग्रारोडच्या दिशेने लांब होत गेली.

दिवस कलताना झुलाल आला. गाडीत हरभऱ्याची पोती. एकटाच. मंजुळाने विचारायच्या आत तोच म्हणाला, चिंधाभाऊ कुठे, पोती उतरवायला बोलवा त्याला.

"तुनासंगे गया व्हतात ना?"

"तो तं जातानाच वडना झाडखाल उतरी गया," झुलाल म्हणाला. "म्हने, तू चाल पुढे, मी घोडावर येस. माले वाटनं, मस्करी करी राहिना."

६

शोधायचं तेवढं शोधलं. आग्रारोडवर दोन्हीकडे माणसं गेली. विहीर उपसली. लोकांचं आपापलं ठरलं: पुण्याची सवय, पुण्याला गेला, तिथे दुसरं घर असणारच. मंजुळाला वाटायचं, असतं तर बरं झालं असतं. लेक आली, आई, माझ्याबरोबर एदलाबादला चल म्हणाली, रडली, परत गेली. शेठने दुसरा मोतद्दार पाठवला. तोताराम त्याचं नाव, साधा माणूस. मंजुळाने त्याला घोडे दाखवले, त्यांच्या खोड्या सांगितल्या, पण सप्परातली एक जागा त्याला झाडू दिली नाही.

खाजाचाचाला तिने काही विचारलं नाही. बाभळीचं लाकूड स्वतः तोडून आणलं, स्वतः तासलं. अंबाडीच्या दोरात चिंधाचं जुनं धोतर फाडून त्याच्या चिंध्या वळल्या आणि दावं केलं. भुरीच्या जागी भोक अजून उघडंच होतं. मिठाची पुरचुंडी पदरात तशीच राहिली होती; ती तिने विहिरीत टाकली. खुंटा त्याच भोकात बसवला आणि दगडाने ठोकला, हात भरून येईपर्यंत.

मोकळं केलं ते आपण. बांधूही आपणच. घोडी आली तर तो येईल. एकदा आला होता तसाच, तिच्यामागोमाग. मग रोज दिवस कलला की ती त्या खुंट्यापाशी भिजवलेला हरभरा ठेवायची, पाण्याचं घमेलं ठेवायची, आणि दाव्याचा फास उघडा करून बसायची. तोताराम तिच्याकडे बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. अंगणात बाज होती तिथेच होती, रिकामी. तिच्यावर मंजुळा कोणाला बसू देत नसे. तिचा एक कान सप्परात असे आणि एक त्या बाजेकडे.

७

पाऊस लांबला होता. किल्ल्यावर ऊन अजून पिवळं होतं, सगळे घोडे ओळीत बांधून झाले होते, तोताराम कडबा आणायला मळ्याच्या टोकाला गेला होता. मंजुळा खुंट्याशी बसली होती. घमेल्यातलं पाणी हललं.

वारा नव्हता. पाण्यावर एक गोल उठला, मग दुसरा, आणि पाणी थोडं खाली गेलं. काजळ्या बाजूच्या खुंट्याला होता, तो सरकला, जागा करून देतात तसा.

दावं भुईवरून उचललं गेलं. फास आवळला. दोर ताणला गेला, खुंट्यापासून वर, घोड्याची मान असते तिथपर्यंत, आणि तिथे धरून राहिला.

मंजुळा उठली.  तिने तेव्हा सोललेला तळहात पुढे केला. हाताला कातडी लागली, ओली, घामाने चिकट, लांबून आलेल्या जनावराची. आयाळ लागली. ती हात मागे नेत गेली, मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीकडे, आणि जिथे माणसाचा गुडघा असायला हवा तिथे थांबली. मग पुढे गेली.

पाठ मोकळी होती.

सगळं अंग भिजलेलं, आणि पाठीवर मधोमध एक जागा कोरडी. कोरडी आणि ऊन. आत्ता, या घटकेला कोणी तिथून उतरलं असावं, तशी.

तिच्या मागे अंगणात बाज करकरली.

ज्या आवाजासाठी ती एवढे दिवस कान देऊन बसली होती, तो आवाज आला. सुतळी करकरली, पाय भुईत रुतले, बाज खाली गेली, आणखी खाली गेली, लाकूड कण्हलं. चिंधा बसायचा तेव्हाही एवढं कण्हत नसे. निंबावरचे होले उडाले.

"आले का?" ती म्हणाली. मान वळवली नाही. वळवायची होती, वळेना.

 ओळीतल्या घोड्यांनी माना वर केल्या, कान उभे केले आणि अंगणाकडे पाहिलं. मंजुळा त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. धनी आला की ते फुरफुरत.

एकही फुरफुरला नाही. काजळ्याने आधी पाऊल मागे घेतलं. मग टिळ्याने, मग बदामने, मग सगळ्या ओळीने, दावी ताठ होईपर्यंत. आणि मंजुळाच्या तळहाताखाली, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं, ती ओली कातडी एकदम आखडली आणि थरथरायला लागली.